पाच दाणे आणि कोरी वही

सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात मंद्रूप हे गाव आहे. सीमाभाग जवळ असल्याने या परिसरात मराठीबरोबर कन्नडही कानी पडते. याच तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथे शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या चरणांजवळ कोरलेली मराठी वाक्येही त्याच मालिकेतील. अशा भूमीतील मुलाने मराठीत स्वतःचे एक वाक्य लिहिताना अडखळावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

दहावीच्या मराठीत कथालेखनाचा प्रश्न असतो. त्यासाठी अनेक मुले मार्गदर्शकातील गोष्ट पाठ करतात. लाकूडतोड्या येतो, राजा येतो, शेवटी तात्पर्य येते. गुण मिळतात, परंतु ज्या मुलाने ज्वारीच्या रानात पाखरे राखली, त्याचे रान वहीत उतरत नाही. आपले अनुभव लिहिण्याच्या योग्यतेचे नाहीत, ही समजूत एकदा बसली की ती आयुष्यभर टिकते. खरे नुकसान तेथे आहे.

यावर उपाय खेळातून सापडतो आणि त्यासाठी लागणारी सामग्री आपल्याच परंपरेत आहे. लेश्यांचा बोध करून देणारी जांभळाच्या झाडाची कथा सर्वपरिचित आहे. सहा भुकेले वाटसरू झाडाखाली येतात. एकाला झाड मुळापासून तोडावेसे वाटते, दुसऱ्याला मोठ्या फांद्या, तिसऱ्याला डहाळ्या, चौथ्याला घोस, पाचव्याला केवळ पिकलेली फळे. सहावा मात्र खाली पडलेली जांभळे वेचून तृप्त होतो. वर्गात सहा मुलांनी सहा वाटसरू व्हावे आणि प्रत्येकाने ‘मी असे का म्हणालो’ हे पाच ओळींत लिहावे. सातव्या मुलाने झाड व्हावे. पहिल्या वाटसरूची बाजू लिहिताना मुलाला त्याची भूक समजते, झाडाची बाजू लिहिताना कुऱ्हाडीची भीती समजते. एकच घटना अनेक बाजूंनी पाहण्याचा हा संस्कार अनेकांताचाच होय.

दुसरा खेळ पाच दाण्यांचा. ‘ज्ञाताधर्मकथे’त सासरा चार सुनांना साळीचे पाच-पाच दाणे सांभाळण्यास देतो. शिक्षकांनी कथा येथेच थांबवावी. प्रत्येक मुलाच्या हाती ज्वारीचे पाच दाणे ठेवावेत आणि आठवड्याने त्यांचे काय झाले ते लिहून आणण्यास सांगावे. कोणाचे दाणे हरवतील, कोणाचे चिमणी टिपेल, कोणी ते डबीत जपून ठेवील. सर्वांचे वाचन झाल्यावर मूळ कथा पूर्ण करावी. एकीने दाणे फेकले, दुसरीने खाल्ले, तिसरीने पेटीत जपले आणि चौथीने पेरले. पाच वर्षांनी ते परत आणण्यास गाड्या लागल्या. स्वतः लिहिल्यानंतर ऐकलेली ही कथा मुलांच्या मनात अधिक खोल रुजते.

तिसरा खेळ पिशवीचा. पिशवीत एसटीचे जुने तिकीट, सोलापुरी चादरीचा सुटलेला धागा, गंजलेली किल्ली, बैलाच्या गळ्यातील घुंगरू अशा वस्तू ठेवाव्यात. मुलाने न पाहता तीन काढाव्यात आणि तिन्ही येतील अशी दहा ओळींची गोष्ट लिहावी. चौथा खेळ साखळीचा. प्रत्येकाने एक वाक्य जोडायचे, मात्र प्रत्येक तिसरे वाक्य ‘पण’ने सुरू करायचे. या एका शब्दाने कथेत अडचण येते आणि अडचण आली की कथा पुढे सरकते.

दोन पथ्ये पाळावीत. पहिल्या वाचनात लाल शाई नको. ‘मग काय झाले?’ एवढेच विचारावे. आजीच्या तोंडचा कन्नड शब्द आला तर तोही राहू द्यावा. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात सुधारता येते. एकदा मिटलेले मन मात्र सहज उघडत नाही.

पाठशाळेत असे खेळ घेताना एखाद्या वडीलधाऱ्या श्रावकास शंका येईल, की कल्पित लिहिणे म्हणजे असत्य नव्हे काय? शंका आदरणीय आहे. परंतु प्रमादाने, दुसऱ्याचे अहित होईल असे बोलणे ते असत्य, ही शास्त्राची दृष्टी आहे. कथा सांगणारा कोणास फसवीत नाही. दहाव्या शतकातील आचार्य हरिषेणांनी ‘बृहत्कथाकोशा’त १५७ कथा संस्कृतात रचल्या; कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अध्यापन केलेल्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी १९४३ मध्ये त्या संपादित केल्या. धर्म सामान्यांपर्यंत कथेच्या वाटेनेच पोहोचला. तीर्थंकरांच्या चरित्रातील घटना बदलू नयेत, एवढी मर्यादा मुलांना समजावून सांगावी. झाडाचे मनोगत लिहिण्याने ती मोडत नाही.

या खेळांना खर्च नाही. चाळीस मिनिटांचा एक तास, कोरी वही आणि ऐकून घेणारा एक मोठा माणूस पुरे. सुट्टीच्या दिवशी पालकांनी घरीच पाच दाण्यांपासून आरंभ करावा. मूल ते पेटीत ठेवते की पेरते, हे पाहणे मोठ्यांनाही बरेच काही शिकवून जाईल.