आधीच गंजलेलं घर

आमचं आजोळ मालवण तालुक्यातल्या एका वाडीत आहे. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे लोखंड तिथे टिकत नाही. मागच्या दाराची कडी दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. कुलपात कितीही तेल घाला, एके दिवशी ते किल्ली आत धरून बसतं. खिडकीच्या गजांवरून बोट फिरवलं की तांबडे पापुद्रे हाताला लागतात. आणि ज्या भिंतीत हे गज रोवलेत ती जांभ्याची भिंत मात्र पणजोबांच्या काळापासून जशीच्या तशी उभी आहे. लहानपणी याचं काही विशेष वाटायचं नाही. दगड तो दगड, गंजेल कशाला? पुढे एकदा भूशास्त्राचं पुस्तक वाचताना जांभ्याचं प्रकरण आलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसताच बसून राहिलो. ती भिंत गंजत नाही, कारण ती गंजाचीच आहे.

घाटावरचा काळा कातळ आणि कोकणातला तांबडा जांभा हे एकाच कुळातले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून काळा बेसॉल्ट झाला. त्यावर उष्ण हवेत पाऊस पडत राहिला, चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडं, असं लक्षावधी वर्षं. पाण्याने दगडातली सिलिका, चुना, सोडा असं जे जे विरघळतं ते हळूहळू धुऊन नेलं. विरघळायला नकार देणारी दोनच द्रव्यं मागे राहिली, लोह आणि ॲल्युमिनियम, तीही प्राणवायूशी जखडलेल्या अवस्थेत. लोखंडी गजावर जो तांबडा थर चढतो, त्याच जातीची संयुगं जांभ्यात आधीपासून भरलेली असतात. त्याचा रंग त्यांचाच. गंजायचं जेवढं होतं तेवढं या दगडाने माणूस जन्मण्याआधीच उरकून घेतलंय. आता समुद्राने कितीही खारा वारा फुंकला तरी नेण्यासारखं त्याच्यात काही उरलेलं नाही.

शेजारच्या स्लॅबच्या घराशी हे ताडून पाहिलं की गंमत कळते. सिमेंटच्या आत सळई सुरक्षित असते ती सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे. सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर बसलेला असतो. समुद्रकाठच्या हवेतलं मीठ काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून झिरपत आत जातं आणि तो थर फोडतं. मग गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. ती मिळाली नाही की काँक्रीट आतून फुटतं. छपराच्या खालच्या बाजूने पोपडे पडायला लागतात, त्यातून सळया डोकावतात. किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात पंचवीस-तीस वर्षांचा स्लॅब वर मान करून बघा, हे दिसेल.

जांभ्याच्या चिऱ्याची दुसरी करामत मला याहून मोठी वाटते. खाणीत तो मऊ असतो. इतका, की आता यंत्राच्या पात्याने कापतात तो पूर्वी माणसं हाताने, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासून काढायची. सव्वा फुटाचा, नऊ इंच रुंद चौकोनी ठोकळा बाहेर आला की त्याचं रूप पालटतं. वारा, ऊन, ओल, पुन्हा ऊन अशा फेऱ्यांत त्यातल्या लोहसंयुगांतलं पाणी उडतं, त्यांचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंततात आणि दगड टणक होत जातो. म्हणजे कापायच्या वेळी मऊ आणि वापरायच्या वेळी कडक. भट्टी नाही, कोळसा नाही. वीट भाजावी लागते. चिरा हवेवर आपोआप भाजला जातो.

हे जगाला कसं कळलं त्याचीही एक गोष्ट आहे. टिपू पडल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या डॉक्टरला दक्षिणेची पाहणी करायला धाडलं. केरळात अंगाडिपुरम इथे त्याने लोकांना हा मऊ दगड तासताना आणि त्याची घरं बांधताना पाहिलं. १८०७ साली छापलेल्या पुस्तकात त्याने दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. पण हे त्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. स्थानिक भाषांत याला विटेचा दगड म्हणतात, अशी नोंद त्यानेच करून ठेवली आहे. आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत जो शब्द आहे, तो मुळात आपल्या किनाऱ्यावरच्या गवंड्यांचा, फक्त लॅटिनमध्ये घातलेला. मला या गोष्टीचा फार आनंद होतो.

चिरा हवेवर टणक होतो, हे आमच्याकडचे जुने गवंडीही सांगतात. मामेभावाने घराच्या मागे एक खोली वाढवायला काढली तेव्हा ट्रकमधून उतरलेले चिरे हातात घेऊन, नखाने टोकरून आमच्या गवंडीकाकांनी बजावलं, “एक पावस खावंदे तेका, मगे लाव.” म्हणजे घाई करू नका, एक पावसाळा त्याला अंगावर घेऊ दे. बांधकामाच्या सरकारी मानकांतही चिरा काही महिने उघड्यावर मुरवून वापरावा असंच सांगितलेलं आहे.

पण चिऱ्याचा एक कच्चा दुवा आहे, आणि तो न सांगणं खोटेपणाचं होईल. तो सच्छिद्र असतो. सरळ झोडपणारा पाऊस वर्षानुवर्षं अंगावर घेतला तर झिजतो. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूचं चर्च याची साक्ष देतं. १६०५ साली पवित्र झालेल्या या इमारतीच्या जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. दगडाचा रंग दिसावा म्हणून १९५० च्या दशकात तो काढून टाकला गेला. तेव्हापासून पावसाळ्यात भिंती पाणी पितात, दगड झडतो, आणि गिलावा परत चढवा अशी मागणी जाणकार करत आलेत. घरांनी हाच प्रश्न दोन तऱ्हांनी सोडवला: भिंतीला चुना आणि भिंतीवर छत्री.

आधी चुना. किनाऱ्यावर चुनखडीचा खडक नाही, पण शिंपले ढिगांनी आहेत, आणि शिंपला म्हणजेही चुनखडीच. तो भट्टीत भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, वाळूबरोबर घाण्यात मळायचा, कुणी गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचं, आणि भिंतीला लावायचा. मग तो वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेत बसतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत गमावलेलं भिंतीवर कमावतो. सरपणाचा धूर मात्र हवेत गेलेला असतो, तो काही परत येत नाही. तरी जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा आठेक टक्के आहे हे लक्षात घेतलं की चुन्याच्या या परतफेडीचं मोल समजतं. मालवणच्या समोर, कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ मध्ये उभा राहिलेला सिंधुदुर्ग किल्ला आहे. तिथे चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे जपून ठेवलेत. ते शिवाजी महाराजांचे, अशी परंपरा आहे. त्या ठशांपुढे उभं राहिल्यावर दर वेळी मनात येतं, की कुणीतरी ओल्या गिलाव्यावर हात टेकला आणि भोवतालच्या हवेने तो दगडात मुरवून ठेवला.

आता छत्री. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात छप्पर उतरतं हवं आणि त्याची पाखी भिंतीच्या पुढे चांगली ओणवलेली हवीत. पूर्वी गवत आणि झापं होती, मग नळीची कौलं आली, आणि १८६५ मध्ये बासल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यावर खाचांत खाच बसणारं मंगलोरी कौल किनाऱ्याभर पसरलं. ते एकमेकांवर बसतं पण चिकटत नाही, आणि ही न चिकटण्यातली हुशारी फार खोल आहे. वर चढलेली गरम हवा त्या फटींतून निघून जाते. चुलीचा धूरही तिथूनच जायचा, आणि जाता जाता वाशांना काजळीचा हात देऊन किडीपासून राखायचा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते आपल्या अंगावर ओकतो. कौल बोटभर जाडीचं, सूर्य बुडाला की पाठोपाठ निवतं.

आजीच्या स्वयंपाकघरात एक काचेचं कौल होतं. सकाळी उन्हाचा चौकोन पश्चिमेच्या भिंतीवरच्या मांडणीवर असायचा, तो तिथून फळीफळीने खाली उतरायचा, सारवलेली जमीन ओलांडायचा आणि पाट्या-वरवंट्यापाशी आला की आजी तांदूळ वैरायची. त्या खोलीत दिवसा दिवा लावलेला मला आठवत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांनी उजेडासाठी आणखी नाजूक वस्तू शोधली. काच दुर्मीळ होती तेव्हा खाडीतल्या एका चपट्या शिंपल्याचे पातळ पापुद्रे लाकडी चौकटीत बसवून खिडक्या केल्या. असा पापुद्रा ऐंशी टक्क्यांच्या आसपास उजेड आत सोडतो, झळाळी मात्र बाहेर ठेवतो. शिवाय तो सहज फुटत नाही. २०१४ साली अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं, की ९९ टक्के कॅल्साइट असूनही त्यावर टोचलं तर इजा टोचल्या जागीच अडते, तडा पुढे धावत नाही, कारण आतल्या सूक्ष्म थरांची रचनाच तशी आहे. गोव्यात चिखलीच्या खाडीत हे शिंपले अजून आहेत. ते तिथेच राहावेत असं मला मनापासून वाटतं. खिडकीसाठी आता काच आहे.

समुद्रकाठच्या घराला थंड ठेवणं देशावरच्या वाड्यापेक्षा वेगळं असतं, हे उशिरा ध्यानात आलं. देशावर रात्र गार पडते. जाड भिंत रात्रीचा गारवा दिवसाला पुरवते. इथे रात्रही दमट आणि उबदार. त्यामुळे इथे भिंतीपेक्षा वारा महत्त्वाचा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, पण ओटी, माजघर आणि मागचं दार एका ओळीत का असतात याचं उत्तर त्याच धड्यात होतं हे कुणी सांगितलं नाही. दुपारी पाणी जमिनीइतकं तापत नाही, म्हणून वारा समुद्राकडून पुढच्या दाराने येतो. रात्री जमीन आधी निवते, तो उलटा मागच्या दाराने फिरतो. एकच वाट, दोन्ही पाळ्यांत उपयोगी. शिवाय खळ्यात, म्हणजे अंगणात, दिवाळीनंतर माटव घालायचा, माडाच्या झापांचा. चार-पाच महिने खळ्याला सावली. आगोट आली की तो काढायचा, धड झापं पडवीच्या वाऱ्याकडच्या बाजूला पावसाची झड अडवायला, बाकीची चुलीत.

पाण्याचंही तसंच. पुळणीवरच्या विहिरीत गोडं पाणी लागतं, समुद्र पन्नास पावलांवर असताना. पावसाचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, हजाराला पंचवीस एवढाच फरक, पण तेवढ्याने ते वाळूत खाऱ्या पाण्यावर तरंगतं. हिशेब असा बसतो, की समुद्रपातळीच्या वर एक हात गोडं पाणी साचलं तर खाली चाळीस हात गोडं पाणी असतं. उलटही खरं: वरचं एक हात उपसलं की खालून खारं पाणी चाळीस हात वर सरकू पाहतं. रहाटाने ओढणाऱ्याचा हात दुखायचा आणि विहीर वाचायची. पंपाला दुखत नाही. न्हाणीघराच्या मोरीपाशी केळ आणि अळू लावायची पद्धत याच काटकसरीतली. सांडपाणी झाडातून गाळून जमिनीत परत.

अशी घरं राखणं मात्र सोपं नाही. दर वर्षी शाकारणी आली. माकडांचा कळप एका सकाळी शंभर कौलं फोडून जातो, आणि वैतागून लोक पत्रे घालतात. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड आणि दापोलीकडची छपरं उचलून नेली, त्यात कौलंही होती आणि पत्रेही. चिराही फुकट येत नाही. सडे, म्हणजे जांभ्याची पठारं, पोखरून खाणी होत चालल्यात, आणि सडा म्हणजे पावसाचं पाणी पिऊन पायथ्याच्या झऱ्यांना सोडणारी गावाची टाकी. त्याच सड्यांवर रत्नागिरीकडे हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं कोरलेली आहेत. माझ्या मते जुन्या पडक्या घराचा चिरा काढून पुन्हा लावणं सर्वांत चांगलं. चुन्यात बसवलेला चिरा अखंड निघतो, सिमेंटमधला फुटतो.

मामेभावाने शेवटी तसंच केलं. निम्मे चिरे पडलेल्या गोठ्याचे, निम्मे नवे. जुने ओळखू येतात, काळपट आणि गुळगुळीत. नवे अजून भगवे आहेत, हाताला रंग लागतो. सगळे खळ्याच्या कडेला माडाखाली रचून ठेवलेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा पाऊस पडत होता. जुन्या चिऱ्यांवरून पाणी ओघळत होतं आणि नव्यांवर पडलेला थेंब क्षणभर दिसून आत जिरत होता. गवंडीकाका ऑक्टोबरात येणार आहेत.