चुकीच्या लेबलाची वॅगन

मराठीच्या अध्यापकाने मेंदूच्या पेशींवर लिहावे, हा अधिकाराबाहेरचा उद्योग खरा. पण या कथेत रहस्य आहे आणि ती मुळीच कल्पित नाही. १९८२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात काही तरुण माणसे एकाएकी पुतळ्यासारखी ताठ झाली. बोलता येईना, हलता येईना. लक्षणे सारी म्हाताऱ्यांच्या कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनच्या विकाराची. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला, तेव्हा या सर्वांनी चोरून बनवलेला एक कृत्रिम अमली पदार्थ टोचून घेतल्याचे उघड झाले. त्यात 'एमपीटीपी' नावाचे रसायन शिरले होते.

आपल्या मेंदूच्या मध्यभागाजवळ काळसर पेशींचा लहानसा पुंजका असतो. तिथे डोपामिन तयार होते. नॉरॲड्रिनॅलिन आणि सेरोटोनिन हे त्याचे भाऊबंद. या कुळाला मोनोअमाइन म्हणतात. हालचाल सुरळीत राहते ती मुख्यतः डोपामिनच्या कृपेने. मग साऱ्या मेंदूत विष फिरले असताना मेल्या त्या प्रामुख्याने याच पेशी, हे कसे?

आम्हां भुसावळकरांना रेल्वेवाचून काही समजत नाही, म्हणून यार्डातलीच उपमा देतो. एमपीटीपी ही एक निरुपद्रवी वॅगन समजा. ती मेंदूत सहज शिरते. तिथल्या आधारपेशींत मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी नावाचे एन्झाइम असते. जुना माल मोडीत काढणे हे त्याचे काम; पण या वॅगनवर हात चालवताना ते तिचे 'एमपीपी-प्लस' हे विष करून ठेवते. इकडे डोपामिनच्या पेशींना सांडलेले डोपामिन परत आत ओढून घेण्याची काटकसरी सवय. त्यांचे फाटक या विषाला डोपामिन समजते आणि वॅगन थेट घरात घेते. आत गेल्यावर ते पेशीची ऊर्जा बनवणारी भट्टीच बंद पाडते. माकडांना आधी ते एन्झाइम रोखणारे औषध दिले, तर विष चढले नाही; तेव्हा हा मार्ग पक्का ठरला.

हे सारे मी वाचले ते शेजारच्या नानांमुळे. नाना रेल्वेतले निवृत्त गार्ड. दोन वर्षांपूर्वी त्यांना कंपवात जडला. एके सायंकाळी म्हणाले, "सर, निवृत्तीनंतर दहा वर्षे यावलकडच्या केळीत मी हातांनी तणनाशक मारले. त्याचेच तर हे नसेल?"

प्रश्न अडाणी नव्हता. एमपीपी-प्लस हे रसायन एके काळी सायपरक्वॅट या नावाने तणनाशक म्हणूनच अजमावले गेले होते, आणि पॅराक्वॅट हे प्रसिद्ध तणनाशक रचनेने त्याचे जवळचे नातलग. नात्यातला असला तरी पॅराक्वॅटचा घात करण्याचा मार्ग थोडा वेगळा आहे. अमेरिकेतील आयोवा व नॉर्थ कॅरोलिना राज्यांतल्या फवारणी करणाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात, पॅराक्वॅट वापरणाऱ्यांत हा विकार सुमारे अडीचपट आढळला. युरोपीय संघात ते २००७ मध्ये बंद झाले. तथापि अडीचपट हा आकडा समूहाचा. एका नानांचे कारण त्यातून निघत नाही. शिवाय लक्षणे दिसू लागेपर्यंत निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात, आणि ते नुकसान केव्हा सुरू झाले हे कोणी सांगावे? नानांना तणनाशकाचे नावही आठवत नाही. रिकामा डबा गोठ्यात आहे, पण त्याचे लेबल केव्हाच गळून पडले.

मी त्यांना एवढेच सांगितले की शंका रास्त आहे, खात्री नाही. ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग विचारले, "पोरगा आता तेच मारतो, त्याला काय सांगू?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बाजारात जाऊन त्याच्यासाठी रबरी हातमोजे आणि बूट घेऊन आलो. उन्हात ते घालून फवारताना जीव घाबरतो, अशी त्याची तक्रार आहे, आणि तीही खोटी नाही.