घाट चढणारे इंजिन

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. त्या गावाच्या पायथ्याशी वाहणारी वर्धा नदी पुढे दक्षिणेस पुलगावच्या रेल्वेपुलाखालून जाते. या पुलावरून मुंबईकडे निघालेली आगगाडी बडनेरा, अकोला, भुसावळ अशी स्टेशने घेत इगतपुरीस येते आणि तेथून सह्याद्री उतरते. सह्याद्रीवरून लोहमार्ग नेण्याचे अवघड काम ज्यांनी आखले, त्या इंजिनिअरचे नाव जेम्स जॉन बर्कले.

बर्कले यांचा जन्म १८१९ साली इंग्लंडात झाला. वाफेच्या इंजिनांसाठी जगभर विख्यात झालेले रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली ते तयार झाले. १८५० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य इंजिनिअर म्हणून ते मुंबईस आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास ३४ किलोमीटरांचा प्रवास करणारी पहिली गाडी सुटली. तिला तीन इंजिने जोडली होती.

परंतु ठाण्यापर्यंतची वाट सपाट होती. खरी परीक्षा पुढेच होती. इंजिनाचे लोखंडी चाक गुळगुळीत, रूळही गुळगुळीत. दोहोंमधील घर्षणाच्या बळावरच इंजिन गाडी ओढते. चढ फार तीव्र झाला, की चाके जागच्या जागी गरगर फिरू लागतात आणि गाडी पुढे सरकत नाही. म्हणून बर्कले व त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षे डोंगर मोजून चढ सौम्य करीत आणला. तरीही काही ठिकाणी ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर चढावे लागे. जेथे वळण घेण्यास जागाच नव्हती, तेथे त्यांनी एक युक्ती योजली. गाडी कड्याच्या टोकाशी थांबवायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकास जोडायचे आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा!

भोर घाटात पंचवीस बोगदे खोदावे लागले. कामाच्या भरात चाळीस हजारांवर मजूर तेथे राबत होते. काही जण दोरांनी कड्यावर लोंबकळत सुरुंगांसाठी भोके पाडीत. पटकीने हजारो माणसे दगावली. १८५९ साली मजुरीच्या कारणावरून दंगाही उसळला. त्याच वर्षी नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येताच थोड्याच दिवसांत मृत्यू पावले. तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट पुढे चालविले. साहेबांची नावे आपण वाचतो. दोरावर लोंबकळणाऱ्या त्या मजुरांची नावे मात्र आपणांस ठाऊक नाहीत.

इकडे वऱ्हाडात कापूस बैलगाड्यांतून जाई. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतत आणि माल वाटेतच अडकून पडे. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि विलायतेतील गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाची वाट पाहू लागल्या. थळ घाटातून वऱ्हाडाकडे येणाऱ्या मार्गाची निकड तेव्हा सर्वांनाच पटली.

याच सुमारास बर्कले यांची प्रकृती ढासळली. ते मायदेशी परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. भोर घाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला, थळ घाटाचा १८६५ साली. वऱ्हाड ओलांडून गाडी नागपुरास पोहोचली, ती १८६७ साली.

उलट दिशा बदलण्याची ती स्थानके आता वापरात नाहीत आणि वाफेची इंजिनेही गेली. पण चढ तोच आहे. मुंबईहून अमरावतीस परत येताना कसाऱ्यास जागे राहा: तेथे आजही बहुतेक गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिने जोडली जातात.