जिन्यापाशी राहणारी माणसं

आवडीनिवडी जुळल्या की मैत्री होते का, हा विषय या आठवड्यासाठी ठरला होता. तो पुढे ढकलतो आहे. शेजारच्या दारावरचा मागचा लेख वाचून ठाण्याच्या एका वाचक बाईंनी पत्र पाठवलं आणि त्यातल्या एका प्रश्नानं मला धरून ठेवलं.

बाईंचं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागूनच त्यांची खोली. आईला सगळ्या मजल्यांवरच्या बायका ओळखायच्या. विरजण मागायला यायच्या, किल्ली ठेवून जायच्या, उतरता-चढता दोन मिनिटं दारात टेकायच्या. पुढे कुटुंब ठाण्याला टॉवरमध्ये गेलं, अकराव्या मजल्यावर. आई तीच, तशीच बोलकी, कुणाच्याही अडीनडीला धावणारी. पण इतक्या वर्षांत जाणंयेणं आहे ते दोन घरांशी. बाई विचारतात, ‘तो गोतावळा आईच्या स्वभावानं जमला होता की खोलीच्या जागेनं?’

अमेरिकेतल्या एमआयटीच्या वेस्टगेट वेस्ट या विद्यार्थी-वसाहतीतल्या मैत्रीचे आकडे मागच्या वेळी दिले, जिन्याची गोष्ट मात्र जागेअभावी राहिली. ती इथे नेमकी लागू पडते. तिथल्या दुमजली इमारतींत प्रत्येक मजल्यावर पाच घरं होती. वरून खाली येणारे दोन जिने तळमजल्याच्या पहिल्या आणि पाचव्या घरापाशी उतरत. वरच्यांच्या टपालपेट्याही पाचव्या घराजवळ. फेस्टिंजर, शाख्टर आणि बॅक या तिघा मानसशास्त्रज्ञांनी बिऱ्हाडांना त्यांचे मित्र विचारले, तेव्हा वरच्या मजल्यावरच्यांनी खालच्यांपैकी या दोन घरांची नावं इतरांपेक्षा जास्त घेतली. घरं प्रतीक्षायादीनुसार मिळत होती. त्यामुळे बोलक्या माणसांनीच जिन्याजवळची घरं मागून घेतली असतील, असंही म्हणता येत नाही.

शेजारच्याच वेस्टगेट वसाहतीत छोटी स्वतंत्र घरं होती, मधल्या अंगणाभोवती मांडलेली. कडेच्या काही घरांचं तोंड अंगणाऐवजी रस्त्याकडे होतं. अंतर तेवढंच, फक्त दार दुसऱ्या बाजूला. तेवढ्यानं त्या बिऱ्हाडांचे अंगणातले मित्र इतरांच्या निम्म्याहूनही कमी भरले! १९५०मध्ये आलेल्या या तिघा संशोधकांच्या पुस्तकातला हा भाग मी कितीतरी वेळा वाचला आहे आणि दर वेळी थक्क होतो. दोन घरांत किती फूट अंतर आहे याच्याइतकंच, पाणी भरायला, टपाल घ्यायला, बाहेर पडायला कोण कुणाच्या दारावरून जातं, हे महत्त्वाचं ठरलं होतं.

नुसतं दारावरून जाण्यानं एवढं काय होतं? पहिली गोष्ट म्हणजे चेहरा सवयीचा होतो. पिट्सबर्गच्या मोरलँड आणि बीच यांनी १९९२मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. दिसायला साधारण सारख्या चार तरुणी. विद्यापीठातल्या एका वर्गात एक कधीच गेली नाही. बाकीच्या सत्रभरात पाच, दहा आणि पंधरा वेळा जाऊन बसल्या. कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. सत्र संपल्यावर विद्यार्थ्यांना त्यांचे फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. दारातल्या बोलण्याला निमित्त लागत नाही आणि ते कधीही थांबवता येतं. ‘काय, आज लवकर?’ असं विचारलं की जाणारा हसून पुढे जाऊ शकतो किंवा अर्धा तास कठड्याला टेकू शकतो. तेच कुणाच्या घरी जायचं म्हटलं की बेल वाजवावी लागते, बेल वाजवायला काम लागतं, मग बसणं आलं, चहा आला, उठायचं कधी हा प्रश्न आला. मैत्रीच्या सुरुवातीला एवढं ओझं पेलत नाही. चाळीत उन्हाळ्याच्या उकाड्यामुळे आणि उजेडासाठी दारं दिवसभर उघडी असत, त्यामुळे ही छोटी बोलणी दिवसातून वीसदा होत. जिन्याजवळच्या खोलीत त्याहून कितीतरी जास्त.

याच वाटेवर वैरही भेटतं, हे चाळकऱ्यांना सांगायला नको. कॅलिफोर्नियातल्या एका गृहसंकुलात एबेसन आणि सहकाऱ्यांनी १९७६मध्ये हेच तपासलं. मित्र जवळ राहत होते, पण नावडती माणसंही जवळच राहत होती, किंबहुना मित्रांपेक्षाही जवळ. गोंगाट, कचरा, पाळीव जनावरं यांचा जाच शेजाऱ्यालाच होतो. सामाईक नळावरची भांडणंही याच जातीची.

आणखी एक सांगायला हवं. वेस्टगेटमधली माणसं आधीच एकमेकांसारखी होती : लग्न झालेली, एका वयाची, बरीचशी युद्धावरून परतलेली, एकाच संस्थेत शिकणारी. गिरगाव-परळच्या चाळींतही गाववाले, जातवाले, एका गिरणीतले अशी मंडळी पुष्कळदा एकत्र असायची. पाया सारखेपणाचा होता, जिन्यानं त्यावर काम केलं. पुढे ढकललेला विषय तोच.

म्हणून बाईंना माझं उत्तर असं : दारात आलेल्याला धरून ठेवणं हे आईचं, पण त्याला दारात आणून सोडणं हे खोलीचं. टॉवरमध्ये दुसरी बाजूच बंद पडली. लिफ्ट पार्किंगमध्ये उतरते आणि अकराव्या मजल्यावरच्या दारावरून बाराव्या मजल्यावरचं कुणी कधी जातच नाही.

हा प्रश्न आता हजारो घरांचा आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, स्वतःच्या संडास-बाथरूमसह. हे व्हायलाच हवं होतं. बादली घेऊन रांगेत उभं राहण्याची हळहळ कुणी करू नये. पण सोसायट्या अजून बरंच करू शकतात. बाकं बागेच्या मागच्या कोपऱ्यात न टाकता लिफ्टच्या तोंडाशी टाका. टपालपेट्या, पाण्याचं यंत्र, वर्तमानपत्रांचं टेबल हे सगळं एका जागी, येण्याजाण्याच्या वाटेवर आणा. वॉचमनच्या केबिनशेजारी चार खुर्च्या मावतात. आणि बाईंच्या आईंनी रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी त्यांतली एक धरून बसावं, भाजीची पिशवी निवडायला घेऊन. महिन्याभरानं काय झालं ते मला जरूर कळवा.

पुढच्या आठवड्यात न्यूकम यांचं मिशिगनमधलं वसतिगृह : सतरा अनोळखी विद्यार्थी, एक घर, भाडं माफ.