फोन ठेवल्यानंतरचे काम

ऑफिसातला फोन आता जुन्या एक्स्चेंजच्या तारेवर चालत नाही. बोलणाऱ्याच्या आवाजाचे सेकंदाला साधारण ५० तुकडे होतात, आणि ईमेल व फाइली ज्या नेटवर्कवरून जातात त्याच नेटवर्कवरून ते पलीकडे पोहोचतात. काही तुकडे वाटेत हरवतात, काही उशिरा येतात. मग ऐकणारा म्हणतो, ‘आवाज तुटतोय.’ तक्रार आयटी विभागाकडे जाते तोवर कॉल संपलेला असतो. सकाळी अकराचा बिघाड दुपारी तीनला शोधायला गेले, तर सगळे सुरळीत दिसते. त्या वेळी कुणीतरी टिपून ठेवले असेल तरच उत्तर सापडते. हे टिपून ठेवण्याचे काम मॉनिटरिंग सर्व्हरचे.

असा सर्व्हर बसवायचा ठरला की पहिली चर्चा बहुधा रॅम किती, कोअर किती यावर सुरू होते. ती नंतर व्हायला हवी. सर्व्हरला कोणते प्रश्न विचारायचे आहेत हे आधी ठरले, तर यंत्राचा आकार त्यातूनच निघतो.

मायक्रोसॉफ्टच्या ‘लिंक’ या ऑफिस-फोनच्या सर्व्हरमध्ये याची मांडणी स्पष्ट होती. तिथे नोंदी दोन प्रकारच्या असत आणि त्यांचे डेटाबेसही वेगळे. एकात कॉलचा तपशील: कुणी, कुणाला, केव्हा, किती वेळ, कॉल कसा संपला. दुसऱ्यात गुणवत्ता: आवाजाचे किती तुकडे, म्हणजे पाकिटे, हरवली, किती उशीर झाला, फोन वायफायवर होता की केबलवर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाजाला एका बाजूने पोहोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर बहुतेक संभाषणांत तो जाणवत नाही. उशीर त्याहून बराच वाढला की दोघेही एकाच वेळी बोलू लागतात. हा आकडा कॉलनिहाय हाताशी असणे म्हणजे ‘आवाज खराब’ या मोघम तक्रारीला पत्ता मिळणे.

आता हिशेब. समजा, एका कंपनीत दोन हजार माणसे आहेत आणि दिवसाला ४०,००० कॉल होतात. एका कॉलच्या दोन्ही प्रकारच्या नोंदींना मिळून १० केबी जागा धरू. दिवसाला ४०० एमबी, १८० दिवसांना ७२ जीबी. इंडेक्स आणि वाढीसाठी दुप्पट जागा ठेवली, तरी आजच्या एका साध्या डिस्कवर हे सारे मावते.

पण तेच कॉल ध्वनिमुद्रित करून ठेवायचे ठरले तर? आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारा टेलिफोनचा नेहमीचा कोडेक, जी.७११, एका बाजूच्या आवाजाला सेकंदाला ६४,००० बिट वापरतो. दोन्ही बाजू धरून मिनिटाला जवळजवळ एक एमबी. सरासरी कॉल चार मिनिटांचा मानला, तर दिवसाला १५० जीबीच्या वर आणि १८० दिवसांत २७ टीबीहून जास्त. माणसे तीच आणि फोनही तेच. फक्त ‘आवाज कसा होता’ याऐवजी ‘काय बोलले गेले’ हा प्रश्न विचारला, आणि जागेची गरज जवळजवळ चारशे पट झाली. खरेदीची फाइल पुढे सरकण्याआधी हा फरक व्यवस्थापनाच्या टेबलावर यायलाच हवा.

जागेनंतर वेग. फोनच्या गर्दीचे गणित शंभरहून अधिक वर्षांपूर्वी डेन्मार्कमध्ये मांडले गेले. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतले गणिती आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ साली फोन यादृच्छिकपणे येतात तेव्हा त्यांचे वितरण कसे असते हे दाखवले, आणि १९१७ साली किती लाइन ठेवल्या तर किती ग्राहकांना ‘लाइन बिझी’ मिळेल याची सूत्रे दिली. फोनच्या भाराचे एकक आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दिवसाच्या सरासरीवर यंत्रणा बांधू नये, सर्वांत गर्दीच्या तासावर बांधावी, ही टेलिफोन अभियंत्यांची शिस्त याच गणितावर उभी आहे.

मॉनिटरिंग सर्व्हरच्या बाबतीत ती थोडी बदलावी लागते. ४०,००० कॉल आठ तासांत वाटले तर सेकंदाला दीड कॉलही भरत नाही. मात्र गुणवत्तेचा अहवाल फोनचे सॉफ्टवेअर साधारणपणे कॉल संपल्यावर पाठवते. आणि ऑफिसातल्या ऑनलाइन मीटिंगा कधी संपतात? बरोबर अकराला, साडेअकराला, बाराला. पाचशे जण एका मिनिटात मीटिंगमधून बाहेर पडतात आणि त्यांचे अहवाल एकदमच सर्व्हरवर येऊन आदळतात. सर्व्हरची खरी परीक्षा या मिनिटांत होते, म्हणून चाचणीही याच मिनिटांची घ्यायला हवी.

या लोंढ्यासाठी मध्ये एक रांग ठेवतात. अहवाल आधी रांगेत उभे राहतात आणि डेटाबेस त्याला जमेल तसे ते उचलतो. लिंक २०१० मध्ये हे काम मायक्रोसॉफ्टचीच मेसेज क्यूइंग सेवा करत असे. डेटाबेस अर्धा तास बंद पडला तरी नोंदी वाया जात नाहीत, पण त्यांना थांबायला डिस्कवर जागा मात्र लागते. ही जागा यादीत धरायची अनेकदा राहून जाते.

डिस्कचा आकार पुरेसा असला तरी तिचा वेग कमी पडू शकतो. एकीकडे नोंदी लिहिल्या जात असताना कुणी तीन महिन्यांचा अहवाल मागितला, की लिहिणे आणि वाचणे एकमेकांच्या आड येते. म्हणून डेटाबेसच्या डेटा फाइल आणि लॉग फाइल वेगवेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात, आणि मोठ्या अहवालांसाठी शक्यतो वेगळी प्रत ठेवावी.

जुन्या नोंदी पुसण्याचे कामही असेच जड. लिंकमध्ये नोंदी मूळ सेटिंगनुसार ६० दिवस राहत, आणि सफाई मध्यरात्रीनंतर होई, कारण तेव्हा ऑफिस झोपलेले असते असे गृहीत होते. पुण्यात हिंजवडीला अमेरिकन ग्राहकांसाठी काम करणाऱ्या टीमच्या बाबतीत हे गृहीत कोसळते. भारतात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशीची दुपार उलटलेली असते आणि फोन जोरात सुरू असतात. अशा ठिकाणी सफाई सकाळी ठेवावी लागते. हे कुठल्याही तयार मार्गदर्शिकेत मिळणार नाही. कामाच्या पाळ्या ठाऊक असलेल्या माणसालाच ते विचारावे लागते.

नोंदी किती दिवस ठेवायच्या, हे भारतात केवळ कंपनीच्या मर्जीवर उरलेले नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या संगणकीय यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. त्याच निर्देशांत घड्याळांचीही गोष्ट आहे: यंत्रणांची वेळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळती ठेवायची. कॉलच्या नोंदीत हे फार महत्त्वाचे. फोन, राउटर आणि सर्व्हर यांची घड्याळे काही सेकंदांनी जरी चुकली, तरी एकाच बिघाडाच्या तीन नोंदी तीन वेगळ्या घटनांसारख्या दिसतात.

एक गरज मात्र प्रोसेसर-डिस्कच्या तक्त्यात बसत नाही. कुणी कुणाला फोन केला, ही यादी संभाषण न ऐकताही खूप काही सांगून जाते. कर्मचारी एचआरशी वारंवार बोलतोय, डॉक्टरला फोन करतोय, कामगार संघटनेच्या नेत्याशी बोलतोय, हे सारे त्यातून दिसते. तेव्हा नेटवर्कच्या माणसाला गुणवत्तेचे आकडे पाहता यावेत, पण नावे-नंबर पाहण्याचा अधिकार मोजक्यांनाच असावा, आणि कुणी काय पाहिले याचीही नोंद राहावी. सर्व्हर चालू झाल्यावर हे अधिकार काढून घेणे फार अवघड जाते. म्हणून ते पहिल्याच आराखड्यात लिहिलेले हवेत.

एवढे ठरल्यावर शंभर जणांच्या एका विभागावर दोन आठवडे चाचणी घ्यावी. त्यातून डेटाबेस रोज किती वाढतो हे कळते. वरच्या हिशेबातले १० केबी हे गृहीत आहे, ते खोडून तिथे स्वतःचा आकडा लिहायचा. मग विक्रेत्याला फोन करायचा.