श्याम रडवतो, पण कबुलीही देतो

लुई माल यांच्या 'ओ रव्वार लेझांफां' (१९८७) या फ्रेंच चित्रपटात गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, अधिकारी वर्गात शिरतो, ज्यू मुलगा कोणता म्हणून विचारतो आणि ज्युलियन या विद्यार्थ्याची नजर नकळत मित्राकडे वळते. तेवढंच पुरतं. माल स्वतः फाँतेनब्लोजवळ पाद्र्यांच्या शाळेत होते. जानेवारी १९४४ मध्ये तिथून तीन ज्यू मुलं आणि त्यांना लपवणारे पाद्री नेले गेले, चौघांपैकी कोणीही परतलं नाही. हे पडद्यावर आणायला मालना त्रेचाळीस वर्षं लागली. त्याआधीच्या 'लाकोंब ल्युसियाँ'मध्ये (१९७४) लहान म्हणून क्रांतिकारकांनी परत पाठवलेला शेतकऱ्याचा पोर जर्मनांना जाऊन मिळतो. फ्रान्समध्ये त्यावर गदारोळ झाला. युद्धातलं मूल निष्पापच असतं, ही सोयीची समजूत माल मोडत होते.

आपण मात्र 'श्यामची आई' डोळे पुसण्यासाठी राखून ठेवली आहे. हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, म्हणजे दापोली तालुक्यातल्या पालगडचं आपलंच बालपण एक राजकैदी सांगतो आहे, आणि सांगताना तो लहानग्या श्यामला पाठीशी घालत नाही. आचार्य अत्रे यांच्या १९५३च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि वनमालाबाईंनी साकारलेली आई इतकी मनात बसली की श्यामची स्वतःच्या चुकांची कबुली मागे पडली. माझ्या मते ही कबुलीच मालच्या जातीची आहे: मोठ्या माणसाने आपल्याच लहानपणाविरुद्ध दिलेली उशिराची साक्ष.

कोणी म्हणेल, कुठे गेस्टापो आणि कुठे कर्जात बुडालेलं कोकणातलं घर! खरं आहे, दुःखाची मापं जुळत नाहीत, जुळवूही नयेत. जुळते ती सांगण्याची रीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्युलियनचा अपराध परक्याच्या बाबतीत आहे, श्यामचा बहुधा आईच्याच, म्हणजे सगळं उंबरठ्याच्या आत. पण पुस्तकात लाकडाची मोळी उचलता न येणारी महार म्हातारीही आहे. आई श्यामला तिच्या मदतीला धाडते आणि घरी आल्यावर अंघोळ कर म्हणूनही सांगते. त्या अंघोळीपाशी आईची माया अडते. हे लपवायला गुरुजींना काहीच अवघड नव्हतं, पण त्यांनी ते लिहून ठेवलं. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांसाठी खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले, ते हेच गुरुजी.