डब्यातलं वचन

आमच्या चर्चमध्ये एकतीस डिसेंबरच्या रात्री बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा फिरतो. आत छोटी रंगीत कार्डं असतात, पालथी घातलेली. प्रत्येकावर बायबलमधलं एकेक वचन. बाराची घंटा झाली, एकमेकांचे हात हातात घेऊन झाले, की माणसं रांगेनं येतात आणि डोळे मिटून एक कार्ड उचलतात. ते त्या माणसाचं वर्षाचं वचन. कुणी पाकिटात ठेवतं, कुणी फ्रीजवर लावतं. आमच्याकडे ते विजेच्या मीटरच्या पेटीवर लागतं, कारण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ती जागा विसरत नाहीत. बाकी बरंच विसरतात.

शेजारच्या काकू मालवणकडच्या. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे तुमचोय कौलच की गो!" त्यांच्या गावी देवळात गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या लावतो, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी म्हटलं, "नाही हो, आमचं वेगळं." पण वेगळं म्हणजे काय, ते काही सांगता येईना. बावीस वर्षं शब्बाथशाळेत मुलांना शिकवते मी, आणि सांगता येईना!

मग थोडं वाचलं. वर्षाअखेरच्या या जागरणाला आम्ही वॉचनाइट म्हणतो. शब्द मेथडिस्ट लोकांचा. इंग्लंडमध्ये किंग्जवुडचे कोळसा खाणीतले मजूर शनिवारची रात्र गुत्त्यात घालवत. जॉन वेस्लीच्या मंडळीत आल्यावर ते तीच रात्र प्रार्थनेत जागवू लागले. वेस्लीला ते आवडलं आणि १७४०च्या दशकात त्यानं ही पद्धत आपल्या इतर मंडळ्यांत नेली. पौर्णिमेच्या आसपासची रात्र धरत, म्हणजे परतताना चांदणं असे. वर्षाअखेरीशी तिची गाठ पुढे पक्की झाली. ३१ डिसेंबर १८६२च्या रात्री अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक असेच जागत बसले होते. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा दुसऱ्या दिवशी निघायचा होता, आणि लिंकन खरंच सही करतो का, हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

चिठ्ठ्यांचा उगम मला सापडतो तो जर्मनीत, हेर्नहुट गावी. काउंट झिंझेनडॉर्फनं १७२८च्या मे महिन्यात तिथल्या मोरावियन मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिलं, तिथून रोज एक वचन घरोघर पोचवायची चाल पडली. १७३१साठी वर्षभराची वचनं पहिल्यांदा पुस्तकरूपानं छापली गेली. आजही ते पुस्तक निघतं आणि त्यातली जुन्या करारातली वचनं चिठ्ठ्या काढूनच ठरतात. त्या लोकांना चिठ्ठीचा एवढा सोस, की सभासदांची लग्नंही तिच्यावर ठरत. १८१८च्या सिनॉडनं सर्वसाधारण सभासदांवरची ती सक्ती काढली. काकूंना हे सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की हातातला चहा सांडला.

आता गेल्या वर्षीचं सांगते. आमचे हे नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात एकवीस वर्षं लेथवर. नाताळच्या आधी कळलं, की त्यांचा विभाग गुजरातेत सानंदला चाललाय. जायचं तर दोन जानेवारीपर्यंत होकार द्यायचा, नाहीतर हिशेब घेऊन घरी बसायचं. मुलगी पुण्यात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, फीचा हप्ता फेब्रुवारीत. आत्याबाईंना रोज दिवेलागणीला माहेरी वडाळ्याला जायचं असतं, पिशवी भरून त्या दाराशी उभ्या राहतात. त्यांना परक्या गावात नेणं म्हणजे उरलीसुरली ओळखही पुसून टाकणं.

त्या रात्री ह्यांनी कार्ड उचललं. यिर्मया, अध्याय एकोणतीस, ओवी अकरा. नव्या वर्षात हे वचन कुणा ना कुणाला येतंच. देवाच्या मनात तुमच्यासाठी जे बेत आहेत ते वाइटाचे नाहीत, भल्याचे आहेत, असा त्याचा आशय. ह्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. "जायचं. वचनच आलं." मी तेच कार्ड वाचलं आणि म्हटलं, "राहायचं. भलं इथंच आहे, असं म्हणतोय तो." घरी परतताना स्कूटरवर आम्ही एक शब्द बोललो नाही. नगरची डिसेंबरातली थंडी, त्यात हे.

एक तारखेला पाळकसाहेब फराळाला आले. ह्यांनी करंजीच्या आधी कार्डच पुढे केलं. त्यांनी ते पाहिलं आणि विचारलं, "चौथ्या ओवीपासून वाचलंत का?"

नव्हतं वाचलं. म्हणजे कधीतरी वाचलं असेल, पण या वचनाच्या मागे काय आहे इकडे माझं लक्ष कधी गेलंच नव्हतं. इसवी सनपूर्व ५९७मध्ये नबुखद्नेस्सरनं यरुशलेममधली माणसं धरून बाबेलला नेली. हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मयानं त्या माणसांना पत्र लिहिलं, की सत्तर वर्षं लागतील; तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या बऱ्यासाठी प्रार्थना करा. आणि मग ते अकरावं वचन. पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक परत यायच्या आधीच मरणार होते. कार्ड छापणाऱ्यांवर तेव्हापासून माझा थोडा राग आहे.

त्या पत्रात जायचं की राहायचं, याचं उत्तर आमच्यासाठी नव्हतं. पाळकसाहेब गेल्यावर हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला जायचंय, कारण पन्नाशीत दुसरं काम मिळेल असं वाटत नाही. भीती वाटते." हे त्यांनी आधी एकदाही म्हटलं नव्हतं. मीही मग खरं ते बोलले, की आत्याबाईंना एकटीनं सांभाळायची मला भीती वाटते. कार्ड आल्यापासून आम्ही देवाला मध्ये घालून एकमेकांची तोंडं बंद करत होतो.

त्या संध्याकाळी वही काढली. सानंदला खोलीचं भाडं किती, रात्रीच्या बसचं तिकीट किती, दिवेलागणीला आत्याबाईंपाशी कोण बसेल. विश्वासाची गोष्ट निघाली की आमच्यात केडगावच्या पंडिता रमाबाईंचं नाव येतंच. मध्य प्रांतातल्या १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी तीनशेवर मुली आणल्या, देव पुरवील या भरवशावर. उपदेशात गोष्ट बहुधा इथं थांबते. पण त्याच बाईंनी विहिरी खणवल्या, शेती केली, छापखाना घातला आणि आपण भाषांतर केलेलं बायबल मुलींच्या हातून तिथंच छापून घ्यायचं ठरवलं. आमच्या वहीत त्या रात्री मला हीच बाजू जास्त जवळची वाटली.

हे दहा जानेवारीला एकटेच सानंदला गेले. महिन्यातून दोनदा येतात. संध्याकाळी समोरची कॉलेजातली मुलगी आत्याबाईंपाशी बसते, तिला थोडे पैसे देते. आत्याबाईंनी गच्चीवर तेलाच्या जुन्या डब्यांत मेथी पेरली. मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच काढलं. निर्णय बरोबर होता का, हे मला आजही माहीत नाही. काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्यातय कौल घेतल्यावर घरी येवन भांडणां होतत गो."

यंदा एकतीसला ह्यांना एका रात्रीची रजा मिळाली आहे. उपासना साडेदहाला सुरू होते. कुणाला यायचं असेल तर या, ओळखपाळख लागत नाही. स्वेटर मात्र घालून या. डावीकडच्या दोन खिडक्यांच्या काचा अजून बसवायच्या आहेत.